दोनदा मोजलेली झाडं

घरी का जात नाहीस, असं कोणी विचारलं की थोरली म्हणायची, "जायचं काय, तिथे साधा फोन लागत नाही." विचारलेलं असायचं जाण्याबद्दल, उत्तर मिळायचं फोनबद्दल, पण ती ते इतक्या सहज बोलायची की समोरच्याच्या लक्षातही यायचं नाही. उलट लोक तिची कीव करायचे. तीही थोडी करून घ्यायची.

तिला खोटारडी म्हणता येणार नाही, कारण फोन खरोखरच लागत नव्हता. तिचं गाव म्हणजे डोंगरातली एक खोलगट जागा, शंभरेक घरं आणि चहूबाजूंनी चढ. तिथे तिची धाकटी बहीण आणि बाबा राहायचे. बाबा पूर्वी दगडाच्या खाणीवर मुकादम होते. खाणीने त्यांना निवृत्तीच्या वेळी खोकला दिला, खोकल्याने अंथरूण दिलं, आणि त्या अंथरुणाला धाकटी बांधली गेली. तिला बहिणीशी बोलायचं झालं तर सगळा चढ चढून वरच्या रस्त्याच्या वळणावर यावं लागे. तिथे लांबच्या शहराचा सिग्नल कसाबसा पोचायचा. त्यामुळे धाकटीचं प्रत्येक बोलणं धापा टाकत सुरू व्हायचं, आणि थोरलीला ते ऐकवत नसे. दया येऊन नव्हे. त्या धापांमध्ये तक्रार असेल असं तिला वाटायचं, आणि धाकटी कधीच तक्रार करायची नाही, हे जास्त झोंबायचं. म्हणून बरेचदा ती फोन उचलायचीच नाही. नंतर "आवाज येत नव्हता गं" म्हटलं की भागत असे.

आता गंमत अशी की ही थोरली एका मोबाइल कंपनीत होती, आणि कुठे फोन लागेल, कुठे लागणार नाही, हे आधी सांगणं हेच तिचं काम होतं. टॉवर जमिनीवर उभा करण्याआधी कंपनी तो संगणकात उभा करते. जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा घ्यायचा, त्यात खोटा टॉवर रोवायचा, आणि तिथून निघालेला सिग्नल कुठवर जाताना किती मरतो त्याचा हिशोब मांडायचा. अंतराने तो थकतो. डोंगराची धार आडवी आली तर तिच्यावरून जरासा वाकून पलीकडे उतरतो, पण उतरेपर्यंत अर्धमेला झालेला असतो. वाटेत झाडी असली तर उरलंसुरलं पानं पिऊन टाकतात. सपाट मुलखात हे गणित कोणीही करेल. चढउतारांच्या खेड्यापाड्यांत ते करायला हात बसलेला लागतो, आणि थोरलीचा बसला होता. तिच्या नकाशात जिथे हिरवं असेल तिथे फोन लागायचाच, आणि जिथे राखाडी असेल तिथे माणसाने उगाच फोन उंच धरून फिरू नये.

ऑफिसात तिचा दरारा होता. तिच्या जिभेला धार होती आणि ती कुठून आली होती हे ऑफिसला ठाऊक नव्हतं. घरी ठाऊक होतं. लहानपणी एकदा तिला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हा बाबा शेजाऱ्यांदेखत म्हणाले होते, "रूप दिलं नाही म्हणून देवाने आकडे दिलेत. काहीतरी द्यायला नको?" सगळे हसले. बाबांचं बोलणं लोकांना फार आवडायचं, फक्त ज्याच्याबद्दल असायचं तो एक सोडून. पुढे आई गेली तेव्हा थोरली कॉलेजात होती. घरातलं रडणं थांबायच्या आत परीक्षेचं निमित्त काढून ती निघाली. धाकटी तेव्हा शाळेत होती. ती परत शाळेत गेली नाही. तिला कोणी जाऊ नको म्हटलं नाही, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.

त्या वर्षी कंपनीने थोरलीच्याच मुलखात एक टॉवर द्यायचं ठरवलं. जागा दोन सुचवल्या होत्या, एक उत्तरेच्या टेकडीवर आणि एक पठारावर. ज्या जागेवरून जास्त घरांना सिग्नल मिळेल ती घ्यायची, एवढा सरळ नियम. टेकडीवरून सडकेकाठची गावं मिळत होती. पठारावरून दोन वाड्या मिळत होत्या, आणि मिळालीच तर ती खोलगटातली शंभर घरं. ती घरं धरली तर पठार जिंकायचं, सोडली तर टेकडी. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबला होता एका धारेवर. पठारावरचा सिग्नल ती डोंगराची धार ओलांडून थोरलीच्या बापाच्या उशाशी पोचतो की नाही, एवढंच बघायचं होतं. आणि बघणारी थोरली होती.

गावाला वास लागायला वेळ लागत नाही. धाकटी वळणावर चढून आली आणि तिने फोन लावला. त्या दिवशी नेमका थोरलीने उचलला.

"ताई, टॉवर येतोय म्हणे. आणि कुठे लावायचा ते तू ठरवणार म्हणे."

"मी कोण ठरवणार? गणित ठरवतं."

"पण गणित तूच करतेस ना?" धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिला ठसका लागला. "मी गावात सगळ्यांना सांगून टाकलंय. माझी ताई आहे तिथे, काळजी करू नका म्हटलं. आणि बाबांनाही सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"खूश आहेत. म्हणाले, आता सकाळ-संध्याकाळ तिची हजेरी घेतो. बघू कशी निसटते ते."

धाकटीला हा निरोप गोड वाटला होता. ती बिचारी सगळ्याच गोष्टी गोड करून घ्यायची. थोरलीला मात्र तो गोड लागला नाही. तिला स्वतःची सकाळ दिसली. गॅसवर चहा, एका हातात कंगवा, आणि कानाशी तो खाकरलेला आवाज, 'अजून कोणी पत्करलं नाही का तुला?' संध्याकाळी पुन्हा तोच. मध्ये धाकटी: ताई, औषध बदललंय, ताई, मला जरा दोन दिवस सोडव ना, ताई, येतेस ना? इतकी वर्षं तो डोंगर मध्ये उभा होता म्हणून तिचं बरं चाललं होतं. डोंगराने कधी तिला जाब विचारला नव्हता. आता कंपनी तोच बाजूला करायला निघाली होती, आणि तोही तिच्याच हातून.

पठारावर चाचणीचा ट्रान्समीटर चढवला गेला. कंपनीचा मोजणीवाला जीपच्या टपावर अँटेना लावून रस्त्यारस्त्याने हिंडू लागला. मोजलेले आकडे मॉडेलला शिकवायचे आणि मॉडेल सरळ करायचं, अशी पद्धत. पण जीप जाते रस्त्याने आणि माणसं राहतात रस्त्याच्या खाली, त्यामुळे रस्ता सोडून चार पावलं कोण जातो यावर पुष्कळ अवलंबून असतं. हा मोजणीवाला जाणाऱ्यांतला होता. त्याने वळणावरूनच फोन केला.

"मॅडम, इथे तर झकास येतोय. खाली उतरणाऱ्या रस्त्यावरची मोरी खचलीय, जीप जाणार नाही. यंत्र खांद्याला लावून पायी जाऊन येऊ का? फार नाही, गेलो आणि आलो."

"नको."

"तुमचंच गाव ना हे? घरी काही निरोप असला तर तोही देईन."

"नको म्हटलं ना. खालचं मॉडेलवर भागवते मी."

"बरं," तो म्हणाला. त्याला वाटलं, मॅडम आपले पाय वाचवतायत. तिच्याबद्दल चांगला विचार करणारी माणसं नेहमीच आसपास असायची.

आता ती चूक. ही चूक या धंद्याबाहेरच्या माणसाला करायची म्हटली तरी जमणार नाही. उंचीचा नकाशा उपग्रहावरच्या रडारने काढलेला असतो, आणि रडारला वरून जे आधी लागेल तीच जमीन वाटते. झाडी दाट असेल तर ते शेंड्यांनाच जमीन समजतं. त्या मधल्या धारेवर कागद गिरणीने निलगिरी लावली होती, ताडमाड वाढलेली. नकाशा काढला तेव्हा ती उभी होती, म्हणून नकाशात धार निलगिरीइतकी उंच झाली होती. शिवाय 'इथे जंगल' अशी खूण वेगळी होती, आणि तिच्यापायी पानांनी प्यायलेला सिग्नल वेगळा वजा व्हायचा. म्हणजे तीच झाडं दोनदा मोजली जायची, एकदा माती म्हणून आणि एकदा पाला म्हणून. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. थोरली नव्या लोकांना पहिल्या दिवशी हीच शिकवायची, आणि जो ती पुन्हा करेल त्याची सगळ्यांदेखत सालटी काढायची.

त्यावर कडी म्हणजे ती झाडं आता नव्हतीच. गिरणीने सगळी तोडून नेली होती. कंपनीत हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. थोरलीला ठाऊक होतं, कारण धाकटीने कधीतरी वळणावरून सांगितलं होतं. झाडं गेली ताई, धार बोडकी झाली, तिकडची सगळी धूळ घरात येते, बाबांचा खोकला वाढलाय. तेव्हा थोरली "हं हं" करत दुसरं काहीतरी वाचत होती. पण आकड्यांच्या माणसाच्या कानात असली गोष्ट राहतेच.

एकदा, फक्त स्वतःपुरतं, तिने खरं गणित करून बघितलं. धार झाडाइतकी खाली उतरवली आणि पाला काढून टाकला. संगणकाने थोडा वेळ घेतला आणि खोलगटात हिरवं पसरत गेलं, शाळेवर, विहिरीवर, त्यांच्या घरावर, मागच्या न्हाणीपर्यंत. थोरली त्या हिरव्याकडे बघत राहिली. तिला भीती वाटली, अगदी लहानपणी बाबांची पावलं ओट्यावर वाजली की वाटायची तशी. मग तिने ते पुसलं आणि नकाशा होता तसा राहू दिला. तिने खोटा आकडा लिहिला नाही, खराही खोडला नाही. चूक तिला करायची नव्हती, फक्त सुधारायची नव्हती. पापभीरू माणसांना असली सोय फार आवडते. वळणावरचे मोजणीवाल्याचे आकडे तेवढे अडचणीचे होते, कारण ते मॉडेलपेक्षा कितीतरी चांगले होते. त्यांच्यापुढे तिने शेरा मारला, 'उघडी जागा, धरू नये.' मोडक्या गणितात तेही खपून गेलं.

बैठकीत मोठ्या पडद्यावर नकाशा लागला. टेकडीभोवती हिरवंगार. पठाराच्या नकाशात मधल्या धारेमागे राखाडी, जणू कोणी तिथे राख सांडली होती. साहेब पुढे वाकले. साहेब मनाने चांगले होते आणि त्यांना उदाहरणं द्यायला आवडायचं.

"हे राखाडी आहे ते तुमचंच गाव ना, मॅडम?"

"हो."

"वडील असतात तिथे?"

"वडील आणि बहीण. म्हणूनच जास्त काटेकोर केलं, साहेब. घरचं म्हणून झुकतं माप नको."

साहेबांचा ऊर भरून आला. ते म्हणाले, "बघा. ह्याला म्हणतात आकड्याशी इमान. दुसरा कोणी असता तर सिग्नलचे चार डेसिबल इकडेतिकडे करून घरच्या ताटात वाढून घेतलं असतं." त्या दिवसापासून कंपनीत थोरलीचं उदाहरण चालू झालं. नव्या माणसांना ते चहाबरोबर मिळायचं. थोरली खाली बघायची आणि लोकांना वाटायचं, किती ही नम्रता.

टेकडीचं नक्की झालं आणि ते धाकटीला सांगणं आलं. थोरलीने आपणहून फोन करायचा म्हटला तरी तो लागणार नव्हता, हे बरंच होतं. दोन आठवड्यांनी धाकटीचाच आला.

"नाही जमलं गं," थोरली म्हणाली. "धार मध्ये येते. मी काय करणार? डोंगर काय माझ्या हातात आहे?"

मग धाकटी म्हणाली, "नाही, तुझ्या हातात कसा असेल." थोड्या वेळाने म्हणाली, "मी गावात सांगून बसले होते, एवढंच." आणि बाबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

गावाने धाकटीला सोडलं नाही. गाव कोणाला सोडत नाही. पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "ताईचा टॉवर आला का गं?" दुकानात कोणी म्हणायचं, "शेजारच्यांना दिवा आणि घरच्यांना काळोख, मोठी माणसं आहेत बाबा." धाकटी सगळ्यांना एकच सांगायची, की गणितात बसलं नाही. बहिणीची बाजू घेऊन ती गावभर भांडली. थोरलीला हे कधी कळलं नाही, आणि कळलं असतं तरी तिने काय केलं असतं, ते आपल्याला माहीतच आहे.

पुढे बाबांचं दुखणं वाढलं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलाने त्यांना प्राणवायूचं घरगुती यंत्र द्यायचं ठरवलं. नाकात नळी, आणि यंत्र दर तासाला श्वासाचे आकडे आपोआप हॉस्पिटलात पाठवणार, म्हणजे काही बिघडलं तर गाडी निघेल. धाकटीने चार जणांचे पाय धरून ते मिळवलं होतं. नर्सबाई यंत्र घेऊन यायच्या आधी त्यांनी हॉस्पिटलातला नकाशा बघितला. तो मोबाइल कंपनीनेच दिलेला होता, येत्या वर्षात कुठे सिग्नल असेल आणि कुठे नसेल याचा. गाव राखाडीत होतं. नर्सबाई म्हणाल्या, "राखाडीत यंत्र देता येत नाही, बाई. आज नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. ह्यांना हिरव्यात कोणी आहे का?"

हिरव्यात थोरली होती.

एका सकाळी थोरलीच्या दाराची बेल वाजली. दारात धाकटी, तिच्यामागे खुर्चीत बसवलेले बाबा, आणि खुर्ची उचलून जिना चढलेले गाडीवरचे दोघं घाम पुसत उभे. थोरली बहिणीला कितीतरी दिवसांनी बघत होती. केस पिकले होते. धाकटीचे.

"फोन करणार होते," धाकटी म्हणाली, "पण वळणावर गाडी उभीच होती, वेळ कुठला. नर्सबाईंनी तुझाच पत्ता लिहून घेतला, ताई. तुझ्याच कंपनीचा नकाशा होता."

बाबांनी खोली निरखून बघितली. पडदे, पुस्तकं, खिडकीतली कुंडी. मग श्वास घेत घेत म्हणाले, "एकटीला एवढी जागा. उंदीर तरी पाळायचेस."

धाकटी तीन-चार दिवस राहिली. नळी कशी धुवायची, कुशीवर कसं वळवायचं, रात्रीचा खोकला आणि खरा खोकला कसा ओळखायचा, हे तिने बहिणीला शांतपणे शिकवलं, जसं कोणी जागा सोडताना नव्या माणसाला काम समजावून देतं. चौथ्या दिवशी थोरली ऑफिसात गेली ती सरळ साहेबांच्या खोलीत. मोजणीवाला तिथे आधीच बसला होता.

"साहेब, पठाराच्या गणितात चूक आहे. मधल्या धारेवरची झाडं दोनदा धरली गेलीत. आणि ती झाडं आता नाहीतच, तोडलीत. दुरुस्त केलं तर आमचं गाव हिरव्यात येतं. पठारच यायला हवं होतं."

साहेबांनी तिच्याकडे मायेने बघितलं. तीच माया तिला नडली. "वडील तुमच्याकडे आलेत ना? ऐकलं मी. अवघड असतं."

"त्याचा काही संबंध नाही, साहेब."

"झाडं कधी तोडली?"

"झाली दोनेक वर्षं."

"मग गणित केलं तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

हा प्रश्न साहेबांनी भोळेपणाने विचारला होता. होतं म्हणावं तर नोकरी जाते, नव्हतं म्हणावं तर मुद्दा जातो. थोरली म्हणाली, "नव्हतं. आता बहिणीने सांगितलं."

"म्हणजे घरच्यांनी सांगितलं." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, मी तुमचं उदाहरण देत फिरतो. मला तोंडघशी पाडू नका. आणि खरं सांगू का, टेकडीवर पाया भरून झालाय. झाडं नसतील तर नसतील. ते सिमेंट आता मी उकरू का?"

मोजणीवाला खुर्चीत चुळबुळला. "मी म्हणालो होतो मॅडमना, पायी उतरून मोजून येतो," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "त्यांनाच माझी दया आली."

थोरली जागेवर येऊन बसली. जन्मात एकदा ती घरासाठी खरं बोलली होती, आणि तिच्या इमानाच्या कीर्तीनेच ते खोटं ठरवलं होतं. तिला रडू आलं. पण ऑफिसात रडायचं नसतं असं ती स्वतःच नव्या मुलींना सांगायची, तेव्हा तेही गिळलं.

धाकटी निघाली त्या दिवशी तिच्या हातात एक लहानशी पिशवी होती. बाबांच्या पाया पडली. बाबा म्हणाले, "जा. तिथे तुझी वाट बघायला आता मीही नाही." दारापाशी थोरलीने तिचा हात धरला.

"राहा ना गं अजून. मला एकटीला नाही जमायचं."

"जमेल. मला जमलं तेव्हा मी शाळेत होते." धाकटीने हात सोडवला नाही, पण धरलाही नाही. "मी जाऊन झोपणार आहे, ताई. पुष्कळ दिवस नुसती झोपणार आहे."

"फोन करशील ना?"

धाकटीने चपला घातल्या. खाली वाकलेलीच होती तेव्हा तिने विचारलं, "ताई, झाडं तोडली ते मी सांगितलं होतं तुला. ते धरलं होतंस ना गणितात?"

आतल्या खोलीत यंत्राची घरघर चालू होती. धाकटीकडे बघून थोरलीला कळेना, की हिला माहीत आहे की ही साधं विचारते आहे. खरं सांगायची वेळ होती तर ती हीच होती. सांगितलं असतं तर धाकटीने काय केलं असतं? कदाचित थोबाडीत मारली असती. कदाचित परत जाऊन गावात पुन्हा बहिणीचीच बाजू घेतली असती.

"हो," थोरली म्हणाली. "धरलं होतं."

"मग ठीक आहे," म्हणून धाकटी जिना उतरली.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. पहिला आठवडा थोरलीला वाटलं, झोपत असेल. मग वाटलं, रागावली असेल. मग ती स्वतःच फोन लावू लागली, सकाळी लावायची, ऑफिसातून लावायची, बाबांना भरवता भरवता लावायची. एकदाही लागला नाही. धाकटीला आता वळणावर चढून यायचं काही कारण उरलं नव्हतं. टेकडीवरचा टॉवर सुरू झाला. सडकेकाठची गावं दिवसभर बोलू लागली, आणि मधल्या खोलगटात थोरलीने ठेवली होती तशी शांतता राहिली. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना चहा दिला.

बाबांच्या जिभेला मात्र प्राणवायू चांगला मानवला. वरण-भाताला, उशीला, थोरलीच्या चालण्याला, उठण्याला, तिच्या गप्प बसण्यालाही ते नावं ठेवायचे. ती खाली मान घालून सगळं करायची. एका दुपारी ती त्यांच्या पायाला तेल लावत होती, आणि मध्येच हात पुसून तिने पुन्हा फोन लावला. कानाशी धरला आणि खाली ठेवला.

"लागत नाही?" बाबा म्हणाले.

"नाही."

"झाडं तोडल्याचं धरलं नव्हतंस ना तू?"

तिने पुन्हा तेलाची वाटी ओढली.

"त्या दिवशी दारात हो म्हणालीस. मी जन्मभर मुकादमी केली. हो म्हणताना माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज कसा येतो, ते मला सांगू नकोस." मध्ये श्वास घेतला. "मी नको होतो. म्हणून डोंगर वाढवलास."

थोरली वाट बघत राहिली, आता कुठला शब्द येतो आणि कुठे लागतो त्याची. तिने सगळे ओळखीचे शब्द मनात तयार ठेवले.

बाबा हसत होते. छातीतून घरघर येत होती आणि नळी हलत होती, पण ते हसूच होतं, आणि त्यात चीड नव्हती. त्यांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. कोणी आपल्या हातचं काम बघावं तसं ते बघत होते.

"माझा बाप असाच पडून होता," ते म्हणाले. "निरोपावर निरोप यायचे. मी सांगायचो, यायचंय हो, पण खाणीवर सुट्टीच मिळत नाही. सगळ्यांना खरं वाटायचं. सुट्ट्या वाटणारा मीच होतो."

"मग?" थोरलीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

"मग काय. तो मेला तेव्हा घेतली सुट्टी." त्यांनी डोळे मिटले. "धाकटी आईवर गेली, मऊ. मला वाटायचं तूही तिच्यावरच गेलीस, नुसती पळपुटी. नाही. तू माझी आहेस."

त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. तो जड होता, त्याला तेलाचा वास येत होता, आणि तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही. तिलाही तो बाजूला करता येईना. तशीच बसून ती त्यांच्या दुसऱ्या पायाला तेल लावू लागली.